एका बाजूची धार

मोठेबाबा, सव्वीस वर्षांत मी तुमच्याशी थेट एकदाच बोलले आणि तेव्हा तुम्ही उठून गेलात. आता तुम्हाला उठून जाता येणार नाही, म्हणून बोलते आहे.

तुम्ही माझे भासरे, नवऱ्याचे सख्खे मोठे भाऊ. आपल्या घरात धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांशी तोंड उघडून बोलायचं नाही आणि भासऱ्यांनी तिच्याशी. मी अकोल्याची, विज्ञान शाखेची पदवी घेतलेली, लग्न होऊन शेंदूरजनाघाटला तुमच्या संत्र्याच्या पन्हेरीत, कलमांच्या रोपवाटिकेत, आले. पहिल्या महिन्यात मला हसू यायचं. तुम्ही दहा फुटांवर उभे राहून ताईंना, म्हणजे तुमच्या बायकोला, म्हणायचात, "धाकटीले इचार, जंभेरीले पानी देलं का." मी ते ऐकलेलं असायचं. तरी ताईंनी माझ्याकडे वळून विचारेपर्यंत मी उत्तर द्यायचं नाही, हा नियम. मग मी ताईंना सांगायचं, आणि ताईंनी तुम्हाला. ताईंनी सांगितलं नाही तोवर ते बोललं गेलंच नाही असं धरायचं. मुलं तुम्हाला मोठेबाबा म्हणायला लागली तेव्हा मलाही तुमच्यासाठी एक शब्द मिळाला, पण तोही तुमच्या पाठीमागेच वापरायचा.

एकदा मला या सगळ्याचा कंटाळा आला. ताई माहेरी अंजनगावला गेल्या होत्या. मी सरळ तुमच्यासमोर जाऊन विचारलं, "मोठेबाबा, चहा घेता का?" तुम्ही खाटेवरून उठलात आणि वाफ्यांकडे निघून गेलात. अर्ध्या तासानं आलात आणि फडताळावर ठेवलेला गार चहा उभ्यानं पिऊन टाकलात. त्यानंतर मी कधी तसं केलं नाही.

ताई नसल्या की तुम्ही मला जे सांगायचं ते झाडांना सांगायचात. मातृवृक्षाची फांदी हातात धरून, माझ्याकडे पाठ करून: "तिनकोनी काडी कच्ची असते, बावा. गोल झाली का मंगच तिचा डोळा घ्याव." मी मागं उभी राहून वहीत लिहून घ्यायची. जंभेरीचा खुंट पेन्सिलीएवढा जाड झाल्याशिवाय त्यावर संत्र्याचं कलम बांधायचं नाही. काडीवरून काढलेला डोळा खुंटाला बांधल्यावर पट्टी खालून वर गुंडाळायची, म्हणजे पाणी आत जात नाही. महिन्यानं पट्टी सोडताना डोळा हिरवा असला तर जगला, काळा असला तर गेला. हे सगळं तुम्ही जंभेरीच्या रोपांना समजावून सांगितलंत आणि ते मी शिकले. पुढं पन्हेरीच्या परवान्याचं, नोंदींचं, ग्राहकांचं काम वाढलं तेव्हा तुम्ही एक दिवस ताईंच्या हातात शेडच्या किल्ल्या ठेवून म्हणालात, "धाकटीले दे. तिच्याजवळ राहतीन त बरं." तुमच्या भावाला नाही, मला. सुभाषनं हसून मान्य केलं. मी मात्र ते माझ्या हक्काचंच समजले. तुमचे आभार मानावेत असं मला तेव्हा सुचलंही नाही.

आता चाकूंचं.

गेल्या वर्षी तुमच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तुमच्यासह कलम बांधणारे पाच जण, पाचांचे पाच चाकू, आणि प्रत्येकाची धार लावायची आपली आपली रीत. कोणी पायरीवर घासायचा, कोणी पाट्याच्या वरवंट्यावर. तुम्ही तुमच्या काळ्या दगडावर पाणी मारून तासन् तास बसायचात, आणि दगड मधे खोलगट होऊ नये म्हणून तोच दगड फरशीवर घासायचात. मला ते बघवत नसे. मी ठरवलं, पन्हेरीत धार लावायचं एकच साधन असेल, ते मी निवडीन आणि मीच वापरीन.

दोन महिने मी त्या निवडीत घातले. फोनवर व्हिडिओ पाहिले, अकोल्याच्या एका दुकानात जाऊन तीन प्रकार हातात घेऊन बघितले. एक खाचेतून पातं ओढायचं, स्वस्त, पण ते धातूचे तुकडे काढतं. एक विजेवर फिरणाऱ्या पट्ट्याचं, ते लहान पात्याला गरम करतं. तिसरं मला पटलं: चिमट्यात पातं घट्ट धरायचं, वरच्या दांडीला दगडाची पट्टी, दांडी ठरलेल्या कोनातच सरकते. हात हलला तरी कोन हलत नाही. हिऱ्याची भुकटी लावलेल्या चार पट्ट्या, जाड ते बारीक. खोक्यावर लिहिलं होतं, शिकारीच्या आणि खिशातल्या चाकूंसाठी.

सुभाषनं विचारलं, "शिकार कोनाची करतं?"

मी म्हणाले, "तुमच्या भावाच्या दगडाची."

आम्ही दोघं हसलो. हे तुमच्या कानावर गेलं नसेल अशी आशा आहे, पण आपल्या घरात कानावर काय जात नाही हे मला माहीत आहे.

हंगाम सुरू व्हायच्या दोन दिवस आधी तुम्ही ताईंना घेऊन अंजनगावला लग्नाला गेलात. मी पाचही चाकू गोळा केले. तुमचा शिंगाच्या मुठीचा चाकू खुंटीवरच्या बंडीच्या खिशात होता, तोही काढला. न विचारता. टेबलावर चिमटा बसवला, कोन वीस अंशांवर लावला, आणि एकेक पातं दोन्ही बाजूंनी सारखं घासलं. दोन्ही बाजूंनी, मोठेबाबा. चाळीस-चाळीस फेऱ्या मोजून. शेवटी हातावर पातं फिरवलं तर केस साफ निघाले. इतकं समाधान मला बऱ्याच दिवसांत झालं नव्हतं.

तुम्ही परत आलात. सकाळी अंगणात सगळे जमले. वसंता आणि त्याचे तिघं साथीदार चाकू घेऊन निघायच्या तयारीत होते. तुम्ही तुमचा चाकू उघडलात, पातं उन्हाकडे धरलंत, मग नखावर टेकवून पाहिलंत. बराच वेळ.

"इचार धाकटीले, हा चाकू कोनं घासला."

ताईंनी विचारलं. मी म्हणाले, "मी घासला म्हना. आता केस कापते तो."

"केस कापते," तुम्ही ताईंना म्हणालात, "पन याची सपाटी गेली."

तुमच्या आवाजात राग नव्हता. आता आठवून पाहते तर काळजी होती. पण वसंता आणि बाकीचे बघत होते, मी दोन महिने घालवले होते, आणि मला वाटलं की पुन्हा तुमच्या दगडाचीच बाजू चालली आहे. मी ताईंकडे तोंड करून, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाले:

"सपाटी नाही गेली म्हना. पाहनाऱ्याची नजर गेली."

ताईंनी ते तुम्हाला सांगितलं नाही. त्या घरात निघून गेल्या. निरोप पोचला नाही, म्हणजे मी ते बोलले नाही, म्हणजे तुम्ही ते ऐकलं नाही. तुम्हाला उत्तर देता येईना आणि मला माघार घेता येईना. वसंतानं टोपलीतल्या कलम बांधायच्या पट्ट्या उगाच मोजायला घेतल्या. तुम्ही चाकू मिटून खिशात टाकलात आणि वाफ्यात गेलात.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडमध्ये माझ्या टेबलाला लागून एक माठ ठेवलेला होता, भरलेला, वर झाकण, झाकणावर पेला. पौषातली थंडी, बाहेर आम्ही शेकोट्या करून राहिलो होतो, आणि इथं माठ. त्याच्या ओलीनं नोंदवहीचा कोपरा भिजला. मी वसंताला तो बाहेर लिंबाखाली ठेवायला लावला. दोन दिवसांनी माठ पुन्हा टेबलाजवळ. मी पुन्हा बाहेर काढला आणि विचारलं, कोण ठेवतंय हे. कोणी सांगितलं नाही.

कलमांचा पहिला टप्पा सहा दिवसांत झाला. प्रत्येकाच्या ओळींना त्याच्या नावाची आणि दिवसाची पाटी, ही पद्धत मीच घातलेली. महिन्यानं पट्ट्या सोडल्या. बाकीच्यांच्या ओळींत कुठं हिरवं, कुठं काळं होतं; ते मी नेहमीची मर म्हणून सोडून दिलं. तुमच्या ओळी पहिल्या दिवसापासून पाचव्या दिवसापर्यंत जवळजवळ काळ्या. मी वाफ्यात उभी राहून पाट्या वाचल्या आणि मला वाटलं, माझं म्हणणं खरं ठरलं. त्यात मला वाईट वाटलं असेल तर ते फार थोडं होतं. हे सांगायला नको वाटतं, पण जे होतं ते होतं.

दुसऱ्या टप्प्याच्या आदल्या दिवशी मी ताईंना सांगितलं, "यंदा त्यायले म्हना, काड्या निवडा. कलम बाकीचे बांधतीन."

या वेळी ताईंनी निरोप पोचवला. तुम्ही "बरं" म्हणालात. चाळीस वर्षं या पन्हेरीतला पहिला डोळा तुम्ही बांधला होता.

दुसरा टप्पा छान जगला. मी सगळ्यांना सांगितलं. वरुडहून, शेजारच्या पन्हेऱ्यांमधून लोक आले तर मी त्यांना टेबलाशी नेऊन चिमटा, दांडी, पट्ट्या दाखवायची आणि दर रविवारी पाचांऐवजी आता चारच चाकू घासते म्हणून सांगायची. तुमचा चाकू तुम्ही पुन्हा माझ्याकडे दिला नाहीत. एकदा एका पाहुण्यानं, तुम्ही बाजूला काड्या निवडत बसला होता, तुम्हालाच विचारलं, "काय मोठेबाबा, यंत्र कसं हाय?"

"चांगलं हाय," तुम्ही म्हणालात. "धाकटीनं पाहून-पाहून घेतलं."

मला वाटलं, हरलात तर मान्य करताय. मी त्या पाहुण्यासमोर मान ताठ करून उभी राहिले.

फाल्गुनात तुम्ही गेलात. सकाळी चहाला उठला नाहीत, एवढंच. बायका दर्शनाला पुढं गेल्या तेव्हा ताई मला म्हणाल्या, "बोल आता काय बोलाचं त. आता कायचं बंधन." मी पदर सावरून उभी राहिले आणि काही बोलले नाही. काय बोलायचं आहे तेच मला तेव्हा माहीत नव्हतं. मला रडू आलं नाही आणि मी लगेच स्वयंपाकाचं बघायला आत गेले.

तेरवीनंतर तिसऱ्या दिवशी वसंता आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, "वैनी, मोठेबाबाचा गोटा देता का?"

"कोनता गोटा?"

"धारेचा. काया दगड."

"कायले पायजे? चाकू मी घासून देतो नं."

वसंता खाली बघायला लागला. "घासून देता, ते चांगलंच. पन सपाटी कोन करून देईन आता?"

मी त्याला बसवलं आणि सगळं काढून घेतलं. काढून घ्यावं लागलं, कारण तुम्ही त्यांना शपथ घातली होती. कलमाच्या चाकूला धार एकाच बाजूनं असते. दुसरी बाजू आरशासारखी सपाट लागते, ती काडीला टेकून सरळ जाते आणि डोळ्याखालचा काप सपाट पडतो. दोन्ही बाजूंना उतार दिला की पातं लाकडातून वर उचलतं, काप खोलगट निघतो, डोळा खुंटाला बसत नाही आणि आत पोकळी राहून काळा पडतो. वसंताला हे माहीत होतं. पाचांनाही माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त मला, दोन महिने सगळं वाचून काढणाऱ्या बाईला.

पहिल्या दिवशी संध्याकाळी तुम्ही वसंताचा चाकू घेतलात आणि काळ्या दगडावर पाठीकडची बाजू घासत बसलात, माझा उतार पूर्ण जाईपर्यंत. दुसऱ्या संध्याकाळी दुसऱ्याचा. तिसऱ्या, चौथ्या. एका पात्याला एक पूर्ण संध्याकाळ लागत होती. तुमचा चाकू पाचव्या संध्याकाळी.

"म्हनलं त्यायले, आधी तुमचा करा," वसंता म्हणाला. "त म्हने, तुमच्या घरी वाट पाहनारे हायेत, तुमचं काम वाया गेलं त धाकटी तुमाले बोलन. मले थेट बोलत नाई ती."

तुम्ही हे म्हणताना हसलात, असं तो म्हणाला.

मी नोंदवही काढली. वसंताची पहिल्या दिवसाची ओळ गेलेली, पुढच्या हिरव्या. दुसऱ्याच्या दोन दिवसांच्या गेलेल्या. तिसऱ्याच्या तीन, चौथ्याच्या चार. तुमच्या पाच. सहाव्या दिवशी तुमची एक ओळ, ती पूर्ण हिरवी, एकही डोळा गेलेला नाही. माझ्याच हाताने लिहिलेलं होतं. मी महिनाभर रोज ते पान उघडत होते, आणि शोधत होते ते फक्त तुमचं नाव.

"आन दुसऱ्या टप्प्यात?" मी विचारलं.

"तुमी आयतवारी घासून द्याचे. मोठेबाबा सोमवारी पहाटे सपाट करून द्याचे. थोडंच असे मंग."

म्हणजे ज्या ओळी मी पाहुण्यांना दाखवल्या त्या तुमच्या होत्या.

वसंता गेल्यावर मी यंत्राच्या खोक्यातलं माहितीपत्रक शोधलं. शेवटच्या पानावर, चित्रासकट, एका ओळीत लिहिलं आहे की एका बाजूने धार असलेलं पातं त्याच बाजूने घासावं. यंत्राची काही चूक नाही. ते आजही चांगलंच आहे, मोठेबाबा, आणि वाद घालायला तुम्ही असतात तर मी म्हणाले असते की धारेची बाजू यंत्रावर आणि सपाट बाजू तुमच्या दगडावर, असं दोन्ही मिळून सगळ्यात उत्तम होतं. तुम्ही ते जंभेरीला सांगितलं असतं. या वादात आपलं दोघांचं बरोबर होतं, फक्त माझं तोंड त्यात नको होतं.

दुसऱ्या दिवशी मी चौघांना अंगणात बोलावलं, जिथं तेव्हा उभे होते तिथंच. म्हणाले, मोठेबाबांच्या ओळी माझ्या हातानं गेल्या, आणि मी त्यांच्या नजरेबद्दल बोलले ते खोटं होतं. वसंता म्हणाला, "आमाले माहीत होतं वैनी." त्यानं ते मला बरं वाटावं म्हणून म्हटलं. म्हणजे इतके महिने चौघांनाही ठाऊक होतं, आणि मी त्यांच्यासमोर पाहुण्यांना यंत्र दाखवत फिरत होते.

संध्याकाळी ताईंजवळ बसले. दगड त्यांच्याकडे होता, तो मागितला. त्यांनी फडक्यातून काढून दिला आणि म्हणाल्या, "तू तवा जे म्हनली होती, ते त्यायनं मले जेवताना इचारलं होतं. धाकटी काय म्हने म्हून."

"मग?"

"मी म्हनलं, काई नाई. पानी मांगून राहिली होती."

"त्यायनं आयकलं होतं ताई. दहा फुटावर होते."

"मले नाई माहीत का?" ताई म्हणाल्या. "त म्हनले, असं का. मंग तिच्या टेबलाजवळ एक माठ ठेवाले पायजे."

मी माठ लिंबाखालून आणून टेबलाजवळ ठेवला आहे. नोंदवही भिजते, भिजू दे. ताईंना मी म्हणाले होते, त्यांना सांगा की धाकटीचं चुकलं. सव्वीस वर्षं त्यांनीच सांगितलं होतं सगळं. त्या म्हणाल्या, "हे नाई मी सांगत. हे तूच सांग."

तर मोठेबाबा, मी पाणी मागितलं नव्हतं. मी म्हणाले होते की तुमची नजर गेली आहे, आणि तुम्ही ते ऐकलं होतं. माझं चुकलं. हे मी तुम्हाला सांगते आहे.